सांगली–पुणे–सांगली: चार्जिंग नेटवर्क निवडताना एका कुटुंबाने काय केलं

पार्श्वभूमी

मी सांगलीत घरगुती वायरिंगची आणि गेल्या काही वर्षांत गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटची कामं करतो. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घेतलेली माणसं वायरिंगसाठी येतात आणि जाताना विचारतात, "बाहेर चार्जिंगला कुणाचं अ‍ॅप घ्यायचं?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहितो आहे. कुटुंबाची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नेटवर्कांना, म्हणजे अ‍ॅपवरून चार्जिंग मशीनं चालवणाऱ्या कंपन्यांना, अ, ब, क अशीच नावं दिली आहेत.

साहेब कर सल्लागार. मॅडम मिरजेत महाविद्यालयात शिकवतात. मुलगी पुण्यात नोकरीला, कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. साहेबांच्या आई साताऱ्यात, यादोगोपाळ पेठेतल्या जुन्या घरात. म्हणजे या घराचं सगळं येणं-जाणं एकाच रस्त्यावर: सांगलीहून इस्लामपूरवरून पेठ नाका, तिथून महामार्गाला लागून कराड, उंब्रज, सातारा, खंबाटकी, पुणे. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर, तिकडे जाऊन यायला बाहेर चार्जिंग लागतच नाही.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी आली. बॅटरी ४५ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ४५ युनिटांची. डीसी चार्जिंग, म्हणजे बाहेरच्या मोठ्या मशीनवरचं जलद चार्जिंग, जास्तीत जास्त ६० किलोवॅटने घेते आणि चांगल्या मशीनवर १० वरून ८० टक्क्यांवर जायला चाळीसेक मिनिटं लागतात. घरी ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेतला, अर्थिंगचा खड्डा नवीन केला. घरचा प्रश्न तिथेच मिटला, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

अडचण कुठे होती

सांगली ते पुणे सुमारे २३५ किलोमीटर. कंपनीने छापलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर, पाहिली तर जाऊन-येऊन होईल असं वाटतं. महामार्गावर ८०-८५ च्या वेगाने, एसी लावून, तीन-चार माणसं घेऊन ही गाडी युनिटला साधारण पावणेसात किलोमीटर जाते. म्हणजे सांगलीहून १०० टक्क्यांनी निघालं तर साताऱ्यात ५९ आणि पुण्यात २३ टक्के उरतात. पुण्यात सहज पोचता येतं, पण २३ टक्क्यांवर परत सातारासुद्धा गाठता येत नाही, कारण त्यालाच ३६ टक्के लागतात. मुलीच्या सोसायटीत पार्किंगला प्लग नाही. खरा प्रश्न परतीचा होता आणि गाडी घेताना त्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

शोरूममध्ये सांगितलं होतं, "साहेब, अ नेटवर्कचं अ‍ॅप टाका, हायवेला सगळीकडं आहेत." साहेबांनी टाकलं, वॉलेटमध्ये दोन हजार भरले आणि दिवाळीत मुलीला आणायला निघाले.

जाताना साताऱ्याजवळ अ नेटवर्कच्या मशीनवर चहा-नाश्ता होईतो गाडी व्यवस्थित चार्ज झाली. पुण्यात मुलीचं सामान भरलं, थोडं शहरात फिरणं झालं, संध्याकाळी परत निघाले. बेत असा होता की खंबाटकी घाट ओलांडून सुरूरच्या आसपास अ च्याच दुसऱ्या ठिकाणी जेवायचं आणि गाडी लावायची. अ‍ॅपवर हिरवा ठिपका, 'उपलब्ध'. साहेब नेहमीच्या सवयीने शंभरच्या वेगात होते, त्यात चढ. तिथवर पोचले तेव्हा लक्षात आलं की हॉटेल महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला, पुण्याकडे तोंड केलेल्या गाड्यांसाठी आहे. पुढच्या भुयारी मार्गातून वळून परत आले. स्क्रीनवर ९ टक्के.

मशीनचा डिस्प्ले चालू, गन (केबलच्या टोकाचा, गाडीत खोचायचा प्लग) जागेवर, अ‍ॅपमध्ये मात्र नुसतं गोल फिरत राहिलं. तिथल्या राखणदाराने एका वाक्यात निदान केलं: "लाईट हाय, नेट न्हाई. सकाळपासनं असंच हाय, साहेब." हेल्पलाइनवाल्याने स्टेशनचा क्रमांक विचारला आणि "रीसेट पाठवतो" म्हणाला. ज्या मशीनला नेट नाही तिला रीसेट कुठून पोचणार?

ब नेटवर्कचं मशीन बारा-तेरा किलोमीटरवर होतं. ९ टक्के म्हणजे चार युनिट, गाडी पंचवीसेक किलोमीटर जाईल. मुलीने गाडी चालवायला घेतली, एसी बंद केला, वेग पन्नास-साठवर ठेवला आणि पोचली. तिथे ब चं अ‍ॅप उतरवा, ओटीपी, वॉलेटमध्ये किमान रक्कम भरा, हे सगळं आडव्या पावसात. मशीन ६० किलोवॅटचं, गन दोन आणि एका गनवर आधीच टॅक्सी लागलेली. अशा मशीनवर दोन गाड्या लागल्या की ताकद वाटली जाते. प्रत्येकीला तीसेक किलोवॅट. अर्ध्या-पाऊण तासाचं काम दीड तासावर गेलं. सांगलीत पोचायला मध्यरात्र उलटून गेली.

नेमकं काय बिघडलं होतं

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला तो अ नेटवर्कवरचा राग घेऊनच. "ते बंद करून ब चं घेतो." ही निवड उलटसुलट करून प्रश्न सुटला नसता आणि त्याचं कारण आपल्याकडे ही स्टेशनं कशी उभी राहतात यात आहे.

केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलं की सार्वजनिक चार्जिंग स्टेशन चालवायला वीजवितरणाचा परवाना लागत नाही. त्यामुळे स्टेशनं झपाट्याने वाढली, हे चांगलंच झालं. पण महामार्गावरच्या एका मशीनमागे बहुतेक वेळा तीन-चार वेगळे धनी असतात. जागा आणि वीजजोडणी हॉटेलवाल्याची, मशीन कुठल्या उत्पादकाचं, गुंतवणूक कधी तिसऱ्याची आणि अ‍ॅप नेटवर्कचं. हॉटेलवाल्याने रात्री एमसीबी खाली पाडला तर अ‍ॅपवाल्याला कळत नाही. मशीनमधल्या सिमची रेंज गेली तर अ‍ॅप काही वेळा शेवटची माहीत असलेली स्थिती दाखवत राहतं. एकाच नेटवर्कचं कराडजवळचं ठिकाण उत्तम आणि साताऱ्याजवळचं टाकाऊ, असं सर्रास दिसतं. फरक पडतो तो तिथल्या माणसाने. हॉटेलमालकाला चार्जिंगला थांबणारं गिऱ्हाईक हवंसं वाटतं की नाही, यावर मशीनची तब्येत ठरते.

त्याच २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक स्टेशन असावं, असं म्हटलं होतं. आपल्या रस्त्यावर नकाशावरचे ठिपके बरेच आहेत. पण दुभाजक असलेल्या रस्त्यावर पलीकडचा ठिपका आपल्या कामाचा नसतो. त्यात शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाची कामं. आज जिथे वळता आलं तिथे पुढच्या महिन्यात बॅरिकेड असू शकतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय शोरूमने सांगितलेलाच: एकाच नेटवर्कला धरून राहायचं, त्याचं सदस्यत्व घ्यायचं. दरात थोडी सूट मिळते, मशीनला टेकवून चार्जिंग सुरू करायचं आरएफआयडी कार्ड मिळतं, हिशेब एका जागी राहतो. कर सल्लागाराला हे आवडणं साहजिक होतं, कारण सगळी जीएसटी बिलं एकाच ठिकाणी. पण दिवाळीच्या रात्री जे झालं ते याच पर्यायातून.

दुसरा: जितकी नेटवर्कं तितकी अ‍ॅप. टाटा पॉवर ईझेड चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी पल्स, झिऑन, शिवाय तेल कंपन्यांची आणि महावितरणचं पॉवरअप. मुलीने रागाच्या भरात हेच केलं आणि आठवड्याभरात घरातल्या तीन फोनांवर मिळून इतक्या ठिकाणी थोडे-थोडे पैसे अडकले की कुठे किती आहेत हे कुणालाच सांगता येईना. एका ठिकाणचा परतावा मागितला तर तो यायला फार वेळ लागला.

तिसरा: सगळ्यांची मशीनं एकत्र दाखवणारी अ‍ॅप. शोधायला ही उत्तम, विशेषतः जिथे वापरणारे लोक स्वतः नोंद करतात की आज इथे गाडी चार्ज झाली. पैसे भरणं मात्र बहुतेक वेळा मूळ नेटवर्कच्या अ‍ॅपमध्येच जाऊन करावं लागतं.

चौथा: फक्त पेट्रोलपंपांवरची मशीनं. माणूस चोवीस तास हजर, उजेड, स्वच्छतागृह. साहेबांना हा पर्याय पटला होता. मॅडमनी विचारलं, "पाऊण तास पंपावर बसून करायचं काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या थांब्यावर माणसांची सोय नाही तिथे माणूस घाईत ६० टक्क्यांवरच गन काढतो आणि पुढे अडचणीत येतो.

पाचवा पर्याय घरातच होता आणि बराच वेळ कुणाला सुचला नव्हता: साताऱ्यात आईंचं घर. १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिट, म्हणजे रात्री दहाला लावली तर सकाळी सातपर्यंत साठेक टक्के भर पडते. मुक्काम असेल तेव्हा बाहेरच्या मशीनची गरजच नाही. पण घर जुनं, अर्थिंग नावापुरतं. गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर लावला की लाल दिवा. मी जाऊन पाहिलं तर अर्थिंगची तार न्हाणीघराच्या नळाला बांधलेली आणि तो नळ आता प्लास्टिकच्या पाइपवर! नवीन अर्थिंग आणि मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली. गल्ली अरुंद, पण ओट्याशी गाडी लागते.

निर्णय आणि कृती

मी त्यांना एवढंच सुचवलं की नेटवर्कच्या नावावरून सुरुवात करू नका, रस्त्यावरून करा. गाडी किती टक्क्यांवर कुठे असेल ते आधी ठरवा, मग त्या पट्ट्यात, त्या बाजूला दोन ठिकाणं शोधा. ती कुणाची आहेत हे शेवटी बघा. यापुढचं काम मॅडमनी केलं आणि ते माझ्या कल्पनेपेक्षा बारकाईने केलं.

त्यांनी एक वही घेतली. डाव्या पानावर पुण्याला जाणारी बाजू, उजव्या पानावर सांगलीकडे येणारी. जाताना पट्टा कराड ते सातारा, येताना शिरवळ ते पाचवड. एवढ्यातच शोध. सीसीएस-२ कनेक्टर (या गाडीच्या सॉकेटला बसणारा गनचा प्रकार) नसलेली जुनी १५ किलोवॅटची मशीनं आधीच गाळली, ती या गाडीला लागतच नाहीत. मग हॉटेलांचे फोन. हेल्पलाइनला नाही, थेट गल्ल्यावर. आणि त्यांनी विचारलेला प्रश्न मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. "मशीन चालू आहे का?" असं विचारलं की उत्तर हमखास "हो, हो, या की" असं येतं. त्या विचारायच्या, "शेवटची गाडी कधी चार्ज झाली तुमच्याकडं?" यावर "आत्ताच गेली की एक, पांढरी" असं आलं तर खूण. "बघाय लागंल, मॅनेजर नाहीत" असं आलं की फुली. एका ठिकाणी पोराने फोन ठेवून खरोखर बाहेर जाऊन बघितलं आणि येऊन सांगितलं, "लाल बटण दाबलंय कुणीतरी." ते ठिकाण मॅडमनी ठेवलं. बघायला जाणारा माणूस तिथे आहे म्हणून.

लाल बटणाचं सांगायला हवं. प्रत्येक डीसी मशीनवर आणीबाणीचं मोठं लाल बटण असतं. लहान मुलं, कधी मोठीही, ते दाबून जातात आणि मशीन बंद पडतं. बाणाच्या दिशेने थोडं पिळलं की ते बाहेर उसळतं आणि दोन-तीन मिनिटांत मशीन पुन्हा तयार होतं. असंच दुसरं, गनचं. केबल जड असल्यामुळे गन सॉकेटमध्ये खाली झुकते, संपर्क नीट होत नाही आणि गाडी-मशीनची बोलणी सुरू होण्याआधीच तुटतात. दोन्ही हातांनी गन वर उचलून धरायची, आतून कुलूप लागल्याचा 'खट्' आवाज आला की सोडायची. 'हे नेटवर्क बेकार' म्हणून निघून गेलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर चार्ज झाल्या असत्या.

मशीनच्या ताकदीबाबत साहेबांचा आग्रह होता की आपली गाडी ६० च्या वर घेत नाही, तर १२० किलोवॅटच्या मशीनचा जादा दर कशाला द्यायचा. हिशेब बरोबर, पण शेजारी दुसरी गाडी लागेपर्यंतच. १२० चं मशीन दोघांत वाटलं तरी आपल्या वाट्याला ६० येतात, आणि सणासुदीला शेजारची गन रिकामी मिळणं कठीण. म्हणून परतीच्या मुख्य थांब्यासाठी मोठं मशीन, जातानाच्या नाश्त्याच्या थांब्यासाठी साधं चालेल, असं ठरलं.

वहीत शेवटी चार ठिकाणं राहिली, प्रत्येक बाजूला एक मुख्य आणि एक राखीव. गंमत म्हणजे दिवाळीत फसवलेल्या अ नेटवर्कचंच एक ठिकाण त्यात आहे, जातानाचं मुख्य म्हणून. परतीचं मुख्य ब चं, तिथला राखीव थांबा क चा. अ आणि ब मध्ये पैसे ठेवले, अ चं कार्डही घेतलं, कारण काही मशीनवर नेट नसताना कार्डाने काम होतं. क चं अ‍ॅप नोंदणी करून ठेवलं, पैसे नाहीत, वेळ आलीच तर यूपीआयने भरायचे. बाकी सगळी अ‍ॅप काढून टाकली.

एक नियम मुलीने घातला: शिरवळला २५ टक्क्यांच्या खाली असू तर खंबाटकी चढायची नाही, अलीकडच्या राखीव ठिकाणीच थांबायचं, भूक असो वा नसो.

काय झालं

आता जाताना साताऱ्याच्या अलीकडे नाश्त्याला वीस मिनिटं, ५९ वरून ८० टक्के. ८० च्या पुढे वेग पडतो म्हणून तिथे थांबत नाहीत. पुण्यात ४४ च्या आसपास पोचतात, शहरातलं फिरणं धरून परतीला सुरूर-पाचवडच्या पट्ट्यात पंधराच्या आगेमागे. तिथे जेवण, पाऊण तास, ७५ टक्के. सांगलीत वीस-पंचवीस टक्के उरतात.

खर्चाचं बोलायचं तर बाहेरचा डीसी दर युनिटला १८ ते २५ रुपयांच्या घरात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पुण्याच्या एका फेरीला नऊशे-हजार बाहेर, सहाशेच्या आसपास घरची वीज. आधीच्या पेट्रोल गाडीला याच फेरीला साडेतीन हजार लागायचे. घरच्या विजेचा आकडा मात्र फसवा आहे. घरगुती वापर ३०० युनिटांच्या वर गेला की वरचा टप्पा महाग पडतो आणि गाडीमुळे यांचा तो जातो. ईव्हीसाठी महावितरणचा वेगळा दरवर्ग आहे, त्याची स्वतंत्र जोडणी घ्यावी का यावर साहेबांचं गणित अजून चालू आहे. टोलचाही एक गैरसमज निस्तरावा लागला. राज्याची इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या ठिकाणी आहे. आपल्या रस्त्यावरच्या आणेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांवर पैसे कापले जातात म्हणून फास्टॅगवाल्यांशी भांडण्यात अर्थ नाही.

वहीतल्या ठिकाणांनी नंतरही एकदा दगा दिला. पावसाळ्यात त्या पट्ट्यातली लाईन गेली आणि मुख्य थांब्यावर अंधार. पण हे निघायच्या आधीच्या फोनवर कळलं, त्यामुळे शिरवळलाच थांबले. वेळ तेवढाच लागला, जेवण वाईट मिळालं.

सुट्यांचं एक निरीक्षण मॅडमचं. शनिवारी सकाळी महाबळेश्वर-पाचगणीला निघालेली पुण्याची गर्दी साताऱ्याकडे येणाऱ्या बाजूची मशीनं भरून टाकते आणि रविवारी संध्याकाळी तीच गर्दी पलीकडच्या बाजूला असते. म्हणजे रविवारी रात्री सांगलीला परतणाऱ्याला आपली बाजू मोकळी मिळते. शनिवारी सकाळी पुण्याहून निघायचं असेल तर सुरूरचा नाद सोडून शिरवळ.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी बुक करण्याआधी जुन्या गाडीने याच रस्त्यावर एक फेरी मारून प्रत्येक ठिकाणी उतरून बघता आलं असतं. मशीन कुठल्या बाजूला, पुढे मोठी गाडी तर उभी नसते ना, रात्री गेट बंद होतं का. हे अ‍ॅपवर दिसत नाही. गाडी ताब्यात येण्याआधीच हे झालं असतं तर दिवाळीची रात्र टळली असती.

पहिली लांबची फेरी सणाच्या गर्दीत, सामान आणि माणसं भरून करायला नको होती. साधारण मंगळवार-बुधवारी साताऱ्यापर्यंत जाऊन दोन्ही नेटवर्कवर दहा-दहा मिनिटं गाडी लावून बघायची. अ‍ॅप, ओटीपी, वॉलेट हे सगळं ५० टक्के बॅटरी असताना एकदा करून ठेवलेलं बरं, ९ टक्क्यांवर नाही.

सदस्यत्वाबाबत माझं आणि साहेबांचं अजून जमत नाही. त्यांचं म्हणणं, अ चं वार्षिक घेतलं तर जातानाच्या थांब्यावर पैसे वाचतात. माझ्या मते त्या थांब्यावर जेमतेम दहा युनिट घेतले जातात. सूट परतीच्या थांब्यावर हवी, आणि तिथे मशीन ब चं आहे.

साताऱ्याच्या घरची अर्थिंग आधी केली असती तर कदाचित दिवाळीत मुक्काम करून सकाळी निघता आलं असतं. आईंचं तेच म्हणणं होतं, "रात्री हिकडंच थांबायचं की." चार्जिंगचं कारण नसतानाही हल्ली ते तिथे थांबतात, पण तो वेगळा विषय.

पुण्यातल्या सोसायटीकडे मुलीने घरमालकामार्फत पार्किंगमध्ये प्लगसाठी अर्ज दिला आहे. तो मंजूर झाला तर रात्रभरात गाडी तिथेच भरेल आणि परतीचे दोन्ही थांबे वहीतून जातील. तोवर मॅडम दर महिन्याला चारही हॉटेलांना फोन करतात. गेल्या महिन्यात कराडच्या पुढचं राखीव ठिकाण बदललं, जुन्या ठिकाणी रस्त्याच्या कामाने उतरायची वाटच बंद झाली म्हणून.